खालच्या बारवेचं पाणी

ता. ७ फेब्रुवारी १९२७, सोमवार. सोलापूर.
वाचनालयाचं दार उघडण्याआधी शास्त्रीबुवांच्या निबंधाची पाच पानं शुद्ध लिहून काढली. नकलेसाठी टेबलावर सध्या चौघांची कामं. शास्त्रीबुवांचा शिलालेख, मुलींच्या शाळेतल्या बाईंच्या ओव्या, शेतकी खात्यातल्या गृहस्थांचे विहिरींच्या पाण्याचे तक्ते, आणि आजपासून डॉक्टरांचे नारूच्या रोगावरचे कागद. डॉक्टरांचं अक्षर म्हणजे गुळावरून उठलेल्या मुंग्या.
माझं काम फक्त नक्कल. पण लिहिताना वाचलं जातंच. गावच्या शाळेत चार बुकं शिकलेल्याला ही विद्या बसल्या जागी मिळते, शिवाची कृपा.
शास्त्रीबुवांचा लेख आमच्याच गावच्या खालच्या बारवेतला. गेल्या चैत्रात मीच त्यांना छकड्यातून वळसंगच्या पुढं घेऊन गेलो होतो. पाणी उतरलं की सातव्या पायरीशी अक्षरं दिसतात. गावाचं नाव आहे त्यात, इतक्या जुन्या काळी. ते लिहिताना हात हळू चालला.

ता. १२ फेब्रु., शनिवार.
डॉक्टरांच्या कागदात पायऱ्यांच्या विहिरींची यादी निघाली. या विहिरी बंद कराव्या म्हणून लोकल बोर्डाकडे जायची आहे. सतरावी आमची. 'खालची बारव, महादेवाच्या देवळाजवळ.' टाक खाली ठेवला.
पणज्याच्या वेळेपासून चैत्रात त्या बारवेचं पाणी कलशात भरून आणतो. देवापुढे ठेवतो, मग घरादारानं तीर्थ घ्यायचं. बंद करावी, असं एका ओळीत लिहून टाकलंय. चुकलेला शब्द खोडावा तसं.
शास्त्रीबुवा दुपारी येऊन गेले. निबंध पुण्याला पाठवायच्या घाईत आहेत. त्यांना काही बोललो नाही.

ता. १३ फेब्रु., रविवार.
सोळा लिहिला. त्याखाली अठराव्या विहिरीला सतरा आकडा दिला. पुढचे सगळे एकेक मागे ओढले.
आजवर हातून कानामात्रा सुटली नाही. आज जाणूनबुजून ओळ सोडली. पूजेला बसलो, जप मध्येच तुटला.
मनाला सांगतो, शिलालेखासाठी केलं. देवाच्या पाण्यासाठी केलं.

ता. १७ फेब्रु., गुरुवार.
डॉक्टर यादी घेऊन गेले. मी म्हटलं, एकदा मुळाशी ताडून पाहता का. तर हसले. "तुमच्या हातचं म्हणजे छापल्यासारखं. ताडायचं असेल तर माझंच तुमच्याशी ताडावं लागेल." आणि पुढचं प्रकरण टेबलावर टाकून गेले.
दिवसभर दारात कुणाचं पाऊल वाजलं की टाक थांबे. डॉक्टरच परतले असं वाटे.

ता. २४ फेब्रु., गुरुवार.
गिरिजा आली. अक्कलकोटहून जावई पोचवून गेले. सातवा महिना. पहिलटकरीण. घर भरल्यासारखं झालं. तिच्या आईनं भाकरीचं पीठ मळता मळता कानडीत काय काय विचारून घेतलं, दोघी हसत होत्या. मला तिथं काम नव्हतं, तरी चौकटीशी उभा राहिलो.

ता. २ मार्च, बुधवार.
आज जे लिहिलं ते इथं पुन्हा लिहायला हात धजत नाही. तरी लिहितो.
डॉक्टर म्हणतात, नारू झालेला माणूस पायऱ्या उतरून पाण्यात पाय घालतो. पाय थंड पडतो, पण नारूची पिल्लं पाण्यात सुटतात. पाण्यात पिसवेएवढा एक जीव असतो, तो ती गिळतो. तो जीव पाण्याबरोबर पोटात गेला की वर्षभर काही कळत नाही. वर्षानं पायाला फोड येतो, आग होते, दोरा बाहेर यायला लागतो. जी माणसं पाणी फडक्यानं गाळून पितात त्यांच्यात हा रोग नाही.
आमच्या घरी पाणी गाळतात. रोज, दुपदरी धोतरानं. आईपासूनचा नेम.
तीर्थ गाळत नाहीत. गाळलं की तीर्थ राहत नाही, असं वडील सांगत. मीही गेल्या चैत्रात गिरिजेला तेच सांगितलं. ती सासरी जायच्या आधीचा आठवडा. फडकं घेऊन आली होती पोर. मी म्हटलं, ठेव ते, देवाच्या पाण्यात काय असायचं.
पाच दिवस, रोज ओंजळभर.
वर्ष भरायला एक महिना उरलाय.

ता. ३ मार्च, गुरुवार.
डॉक्टरांना आडून विचारलं. गावाकडच्या एकाचं म्हणून. कलशात चार-पाच दिवस पाणी ठेवलं तर ते जीव मरतात का? मरत नाहीत, म्हणाले. तांब्याचा कलश असला तरी? भरवसा नाही. आणि बाई गरोदर असली तर? पोटातल्या बाळाला धक्का नाही, म्हणाले, पण ऐन बाळंतपणात आईचा पाय सुजला, ताप चढला, दोरा ओढताना तुटून आत राहिला, तर हाल होतात. अशा दोघी पाहिल्यात म्हणाले.
"कुणाच्या घरचं आहे हो?"
गावाकडचं, म्हणालो. म्हणजे खोटं क्रमांक दोन.

ता. ७ मार्च, सोमवार.
चौघांचे कागद शेजारी ठेवून बसलो. शेतकीवाल्यांच्या तक्त्यात त्या बारवेचं पाणी सर्वांत खाली जातं ते चैत्र-वैशाखात. शास्त्रीबुवांची अक्षरं उघडी पडतात ती तेव्हाच. डॉक्टरांचे आजारी सर्वांत जास्त तेव्हाच. बाईंनी आमच्याच गावात, त्याच पाणवठ्यावर जमवलेल्या ओव्यांत एक आहे, बहीण भावाला सांगते, पाण्याला गेले नि पायातून सूत निघालं. बाईंनी बाजूला पेन्सिलीनं लिहिलंय, 'अर्थ लागत नाही.'
चौघेही विद्वान. रात्रंदिवस खपणारे. एकाच विहिरीवर चौघे जाऊन आले, पण कुणी कुणाला भेटलं नाही. हे चारी कागद जुळतात फक्त माझ्या टेबलावर. आणि मी त्यातलीच ओळ खाल्ली.

ता. १० मार्च, गुरुवार.
काल गावी जाऊन आलो. पांढरीच्या, म्हणजे घरजागेच्या कामासाठी, असं घरी सांगितलं.
बारवेत उतरलो. पाणी हिरवट, पायऱ्या निसरड्या. सातव्या पायरीवर चुलतभाऊ मल्लाप्पाची सून पाण्यात पाय सोडून बसलेली. पोटरीला काडी बांधलेली, काडीवर दोरा गुंडाळलेला. तिच्या टाचेपासून हातभर अंतरावर शास्त्रीबुवांचा दगड, अजून अर्धा पाण्यात. लहानपणापासून अशी माणसं तिथं बसलेली पाहत आलो. बसायचीच जागा ती. काल पहिल्यांदा दिसलं.
वर येऊन मल्लाप्पाला म्हटलं, तिला पाण्यात बसू देऊ नका. तो म्हणाला, "आण्णा, आग हुती की पायाची. मग कुटं बसंल ती? नारू काय आजचा हाय? आज्याला हुता, बाला हुता. तुमी शेरात ऱ्हाऊन लई भ्यायला शिकलाव."
पाणी गाळून प्या म्हटलं. पितो की, म्हणाला, घरी. देवळात कोण गाळतंय.
महादेवाला नमस्कार केला. काय मागावं कळेना. कलश नेला होता सवयीनं, तो रिकामाच आणला.

ता. १४ मार्च, सोमवार.
शास्त्रीबुवांना सगळं सांगितलं. ओळ सोडल्याचंही. आधी त्यांना बरंच वाटलं. शतकानुशतकं राहिलेला लेख, म्हणाले, आणि हे किड्यामुंग्यांचे पंडित त्यावर भिंत घालणार. तुम्ही केलंत ते योग्य केलंत, गप्प राहा.
मग मी म्हटलं, बुवा, गेल्या चैत्रात तुम्हीही तीर्थ घेतलं होतं.

"किती महिने म्हणालात?"
वर्ष, म्हटलं. तेही डॉक्टरांच्या अंदाजानं.
जोडा काढून घोटा पाहिला. माझ्यासमोर पाहिला याची मग लाज वाटली असावी. जाताना म्हणाले, लेखाचा ठसा माझ्याकडे आहे. पण ठसा म्हणजे दगड नव्हे, शिवलिंगप्पा. तुम्हाला काय करायचं ते तुम्ही ठरवा, माझं नाव घालू नका.

ता. १८ मार्च, शुक्रवार.
गिरिजा डावा पाय खाजवत होती. घोट्याच्या आतल्या अंगाला. मी जेवत होतो, घास तसाच राहिला. तिची आई म्हणाली डास असतील. असतील.

ता. १९ मार्च, शनिवार.
सकाळीच डॉक्टरांकडे गेलो. दवाखान्यात गर्दी होती. बाकावर बसून राहिलो, तीनदा उठावंसं वाटलं. सगळे गेल्यावर सांगितलं. यादीतली सतरावी विहीर मी सोडली. त्या विहिरीचं पाणी मीच माझ्या मुलीला पाजलं.
वाटलं होतं, ओरडतील. चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, यादी बोर्डाकडे गेली आहे. आता पुरवणी पाठवावी लागेल.
मग म्हणाले, "त्या दगडावर अक्षरं आहेत म्हणता? मी पायऱ्या मोजल्या हो. वाचल्या नाहीत."
पायऱ्या फोडत नाहीत म्हणे. तोंडाशी भिंत घालतात, वर रहाट बसवतात, कुणी खाली उतरू नये म्हणून. अक्षरं जागच्या जागी राहतील. वाचायला कुणी जाणार नाही.
कोरा तक्ता पुढे सरकवला. "लिहा. माझं अक्षर तुम्हालाही धड लागत नाही. तीर्थ घेतलेल्यांचं नाव, वय, किती दिवस, किती पाणी."
लिहिलं. स्वतःचं. गिरिजेच्या आईचं. जावयाचं, तेव्हा ते गिरिजेला न्यायला आले होते. शेजारच्या म्हातारीचं, तिला मीच वाटीतून नेऊन दिलं होतं. शास्त्रीबुवांचंही लिहिलं, नको म्हणाले होते तरी. गिरिजेचं शेवटी. अक्षर चांगलं आलं, हात सवयीचा. त्याचाच राग आला.
बोर्डाला जायच्या पुरवणीची नक्कलही तिथंच बसून केली. एकच ओळ.

ता. ५ एप्रिल, मंगळवार.
पाडवा झाला. यंदा गावचं पाणी आणलं नाही. गिरिजेच्या आईनं विचारलं तेव्हा सगळं सांगून टाकलं. ऐकताना ती तांदूळ निवडत होती, हात थांबला नाही. मग उठली आणि देव्हाऱ्यातल्या कलशावरही फडकं बांधलं.
मी म्हटलं, देवाला चालेल का.
"देवाचं मी बघते. तुम्ही तिचा पाय बघा."
त्यानंतर दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली. गिरिजेला अजून सांगितलेलं नाही. आईनं सांगू दिलं नाही.

ता. १२ एप्रिल, मंगळवार.
मल्लाप्पा वाचनालयात आला. बोर्डाचा माणूस बारव मोजून गेला म्हणे. हातात टोपी धरून पुस्तकांच्या कपाटांकडे बघत उभा राहिला.
"आण्णा, तुमीच नाव दिलं म्हंत्यात. खरं हाय का?"
होय म्हटलं.
"म्हादेवाला पानी कुठनं घालायचं मग?"
रहाटाचं घाला. तेच पाणी आहे.
"त्येच न्हाय," म्हणाला.
घरी चल म्हटलं. आला. ओसरीवर बसला, गिरिजेला आशीर्वाद दिला. पाण्याचा तांब्या पुढे ठेवला त्याला हात लावला नाही. सूनबाईचा नारू तुटला म्हणाला, अर्धा आत राहिला, पाय लाकडासारखा झालाय. जाताना एवढंच सांगितलं त्यानं. डॉक्टरांना चिठ्ठी लिहून त्याच्या हाती दिली. घेतली. दाखवील की नाही कळत नाही.

ता. १६ एप्रिल, शनिवार.
शास्त्रीबुवांचा पाय स्वच्छ आहे. शेजारच्या म्हातारीचाही. रोज फिरून विचारून येतो. लोकांना वाटतं मला वेड लागलंय.
ओव्यांच्या बाईंना त्या सुताचा अर्थ सांगितला. पेन्सिलीची खूण पुसताना त्या थांबल्या. म्हणाल्या, मी गोड ओवी म्हणून मुलींना शिकवत होते.

ता. २० एप्रिल, बुधवार.
सकाळी पाय धुवायला पाणी घेऊन गेलो, आता रोजचंच. गिरिजेला वाकता येत नाही हे निमित्त. हसली. "अप्पा, रोज पायच बघताय. तोंड कधी बघणार?"
वर पाहिलं. तिच्या तोंडाकडे पाहून कळलं, तिला माहीत आहे. कुणी सांगितलं, केव्हा, विचारलं नाही. ओव्यांच्या बाई परवा आल्या होत्या, किंवा आईनंच. म्हणाली, त्या दिवशी फडकं मीच ठेवलं ना खाली, तुम्ही काही हात धरला नव्हता. हातात तिची टाच होती.
दुपारी डॉक्टर येऊन गेले. दाबून पाहिलं, उजेडाकडे पाय फिरवून पाहिलं. आज सांगता येत नाही, म्हणाले. डास असेल, उष्णता असेल, तेही असेल. सुईण म्हणते आठ दिवसांवर आलंय. दोन्हींतलं आधी काय येतं ते पाहायचं.
तक्त्यात आजचा रकाना भरला. गिरिजा, वय एकोणीस. उजवा पाय, काही नाही. डावा, घोट्याच्या आतल्या बाजूस लाली, पावलीएवढी. आग नाही म्हणते. काल दुअन्नीएवढी लिहिली होती की पावलीएवढी, ते पाहायला मागचं पान उलटलं. काल लिहायचंच राहिलं होतं.