चिखल ३४० ग्रॅम, शिक्षण शून्य

२१ ऑगस्ट
आमची लेक सुनिवा पहिलीत जाऊन चार दिवस झाले. आज पालकांची मीटिंग. मी साधा प्रश्न विचारला, अक्षरं कधी सुरू होणार? तिच्या वर्गशिक्षिका राग्नफ्रिडबाई म्हणाल्या, "आधी रान, मग अक्षरं. आयलिफ, तुम्ही चिखलात शेवटचे कधी खेळलात?" सगळे पालक हसले. तूर्दिससुद्धा हसली. ती माझी बायको आहे.
हे मी विसरणार नाही.

२२ ऑगस्ट
ठरलं. मुख्याध्यापकांकडे रीतसर तक्रार, पुराव्यानिशी. घाई नाही. मी शांत माणूस आहे. जेवताना कागदी रुमालावर तीन मुद्दे लिहिले.

२८ ऑगस्ट, गुरुवार
गुरुवारी वर्ग दिवसभर रानात. आमच्या बर्गेन शहराचा पाऊस कोसळत असला तरी. सुनिवाचे बूट उलटे करून चिखल स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलला. ३४० ग्रॅम. शिक्षण शून्य. तूर्दिस म्हणाली, काटा धुऊन ठेव, उद्या पीठ मोजायचंय. युद्धात घरचेच उलटतात.

१८ सप्टेंबर, गुरुवार
चाकू! सहा वर्षांच्या पोरांच्या हातात चाकू. सुनिवाने लोणी लावायची लाकडी सुरी तासून आणली. बोटाला पट्टी. माझ्या वडिलांना, अण्णांना, फोन करून संताप व्यक्त केला. ते म्हणाले, तूही तिच्याएवढाच होतास, तुझी पट्टी अंगठ्याला होती आणि तू दोन दिवस रडलास. अण्णांचं वय झालंय. मुद्दा नववा.
सुरी तशी बरी आहे. लोणी तिनेच लावतो.

९ ऑक्टोबर, गुरुवार
मदतनीस पालक म्हणून शत्रूच्या गोटात शिरलो. अकरा वाजता दलदलीत मांडीपर्यंत रुतलो. पोरांनी दोर आणला. पाच जणांनी ओढून जमेना, तेव्हा आठ हवेत असं ठरलं. म्हणजे अजून तीन, हे सुनिवाने बोटांवर मोजून सांगितलं. मी बाहेर आलो, डावा बूट आला नाही. बाईंनी मला रांगेत सगळ्यांत पुढे चालायला लावलं. मुद्दाम. दिवसभरात गणिताचं नावही निघालं नाही. मुद्दा चौदावा.

१० ऑक्टोबर
आजपासून घरी रोज वीस मिनिटं अक्षरं. मीच शिकवणार. बाईंच्या नाकावर टिच्चून.

१३ ऑक्टोबर
सर्दी. दलदलीची देणगी. अक्षरं बरं वाटल्यावर.

२ डिसेंबर
अक्षरं नाताळनंतर.

४ मार्च
तक्रार पूर्ण! चार पानं. बाईंना "बेजबाबदार" म्हटलंय, तेही तीनदा. शेवटचं वाक्य लिहिताना मलाच भरून आलं: "माझ्या मुलीला काहीही येत नाही." मुख्याध्यापकांना चष्मा शोधायला लागू नये म्हणून मोठ्या टायपात प्रिंट काढली. पानं टेबलावर उघडीच ठेवली आहेत. लपवायची कुणापासून? उद्या सकाळी पोस्टात. मग बघू कोण हसतं.

५ मार्च, गुरुवार
सकाळी पानं गायब. तूर्दिसवर ओरडलो. तिने हात नव्हता लावला.
संध्याकाळी पानं सुनिवाच्या दप्तरात सापडली. धुराचा वास, कोपऱ्यावर कोकोचा डाग. बाईंनी सांगितलं होतं म्हणे, घरून वाचायला काहीतरी आणा, शेकोटीभोवती बसून वाचू. मी म्हणालो, तुला कुठे वाचता येतं? म्हणाली, कधीचं येतं, आम्ही फांद्यांची अक्षरं लावतो ना. घरात सगळ्यात मोठी अक्षरं याच कागदावर होती, म्हणून हा नेला. "बेजबाबदार" तिला अडलं. ते बाईंनी फोडून सांगितलं, नीट जमेपर्यंत तिच्याकडून म्हणवून घेतलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.
मी खुर्चीत बसलो. विचारलं, शेवटचं पान?
"ते मनात वाचलं. मोठ्यानं नाही," ती म्हणाली. "ते खरं आहे का, बाबा?"
नाही, म्हणालो.
"मग खोड."
तिने पेन्सिल आणून दिली आणि खोडून होईपर्यंत शेजारी उभी राहिली. एकच ओळ गेली. बाकी चार पानं तशीच आहेत, पण आता तक्रार कशाबद्दल आहे तेच कळत नाही.