बीपी नसलेल्या माणसाची गोळी

१४ नोव्हेंबर, दुपार

प्रिय वहिनी,

सप्रेम नमस्कार. आम्ही सगळे मजेत. भिंगरीचा पुढचा दात पडला. आता ती बोलताना शिट्टी वाजते, म्हणून जास्तच बोलते.

काल दादाचा फोन आला. तू गोळी बंद केलीस म्हणे. दादा म्हणाला, "ती म्हणते, भाजलंय पाठीला आणि औषध बीपीचं! दुसऱ्या कुणाची चिठ्ठी मला दिली असेल." औषधाच्या दुकानात बीपी मोजलं ते नॉर्मल निघालं, म्हणून दादानेही तुझीच री ओढली.

फोनवर तू "वन्सं, प्रयोगशाळा घरी आणू नका" म्हणून मला गप्प करशील, म्हणून पत्र.

चिठ्ठी तुझीच आहे. खूप भाजलं की जखम कातडीला होते, पण धोक्याची हाक अंगभर जाते. हृदयाच्या पेशींना ती ऐकू येते: धाव, धाव. जखम भरत आली तरी हाक लवकर थांबत नाही, आणि पेशी धावून धावून दमतात. ही गोळी त्यांच्या कानांवर हात ठेवते. बीपीवालेही तीच घेतात, एवढंच. आमच्या प्रयोगशाळेत काचेच्या बशीत हृदयाच्या पेशी आपोआप धडधडतात. ती हाक देणारं द्रव्य घातलं की उधळतात, औषध घातलं की भानावर येतात. अर्थात बशी म्हणजे माणूस नव्हे. तुझ्या हृदयात नेमकं किती काय चाललंय, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण ही गोळी अशी एकदम तोडणं धोक्याचं, हे नक्की. पत्र मिळताच डॉक्टरांना फोन कर. नाही, मी दादाला आजच करायला सांगते.

एवढं लिहून परत वाचलं आणि माझी मलाच शंका आली. मी शास्त्र सांगतेय, की त्याच्याआड लपतेय?

उकळत्या पाण्याचं पातेलं कलंडलं तेव्हा भिंगरी ओट्यापाशी खेळत बसली होती. मी दारात होते. मी किंचाळले, तू धावलीस आणि तिच्यावर ओणवी झालीस. इस्पितळात मी आभार मानायला तोंड उघडलं, तर म्हणालीस, "परक्यासारखं बोललात तर घरी चहा मिळणार नाही." मी हसले, आणि बोलायचं ते राहूनच गेलं.

तू घरी आलीस त्या दिवशी भिंगरीने तुझ्या छातीला कान लावला होता, आठवतं? तू तर पडूनच होतीस. तिने विचारलं, "मामी, तू पळत आलीस का?" सगळे हसले. मी उठून बाहेर गेले. मला वाटलं, तू अजून तिच्याकडेच धावते आहेस.

पोचलीस गं वहिनी. अगदी वेळेवर पोचलीस. आता जरा दम खा.

आभार मानते. चहा नाही मिळाला तरी चालेल.

तू वाचवलेल्या मुलीची
आई