करंगळीच्या मताने शाळा बंद

कार्ल्यापुढची वाडी, ता. मावळ
मार्गशीर्ष वद्य ३, शके १८६०

तीर्थस्वरूप मामांच्या चरणी गंगाधराचा साष्टांग नमस्कार.

लोणावळ्याच्या थंडीत तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला हटला का? आम्ही इकडे खुशाल आहोत असं लिहायची रीत आहे, पण मी खुशाल नाही. तुमची भाचेसून इंदिरा खुशाल आहे (ती म्हणते, घरात एकाने तरी असावं). मला मात्र चार दिवस अन्न गोड लागत नाही, आणि याला थोडेसे तुम्हीही कारण आहात, हे लहान तोंडी मोठा घास घेऊन लिहितो.

तुमचं पत्र वेळेवर पोचलं. 'शाळांना बेधडक कुलपं घाला, त्याशिवाय बोर्डाचे डोळे उघडायचे नाहीत,' हे तुमचं वाक्य मी रविवारी वडगावच्या सभेत वाचून दाखवलं आणि टाळ्या पडल्या. (तीस वर्षांच्या नोकरीत तुम्ही ताप असतानाही शाळा बंद ठेवली नव्हती, हे मी सांगितलं नाही. पेन्शनीत माणसाला धैर्य येतं म्हणतात.) विषय तुम्हाला ठाऊकच आहे. शिक्षणाला पैसा नाही म्हणून नव्या सालापासून एकशिक्षकी शाळा बंद करायचं जिल्हा स्कूल बोर्डाच्या मनात आहे. त्याविरुद्ध जिल्ह्यातल्या सगळ्या मास्तरांनी येत्या सोमवारी पुण्यात जमायचं. तर त्यासाठी शाळा बंद ठेवाव्यात की नाही, एवढाच प्रश्न होता. सभा रविवारी घेतली, कारण शाळा बंद ठेवाव्या का यावर बोलायला शाळा बंद ठेवता येत नव्हती.

आम्ही तेवीस मास्तर धर्मशाळेत चार तास बसलो. कामशेतचे महिपती गुरुजी म्हणाले, बंद. पवन मावळातले अंबाजी गुरुजी म्हणाले, पाच जण पाठवा, बाकीच्यांनी शिकवा. मग कोणीतरी नियम काढला की बंद ठेवायची तर किरकोळ रजा घेतली पाहिजे, आणि रजा बोर्डाकडेच मागितली पाहिजे. झालं! माझं अक्षर बरं म्हणून अर्ज लिहायला मला बसवलं. 'बोर्डाचा निषेध करण्यासाठी एक दिवसाची किरकोळ रजा मिळण्यास विनंती' इथपासून 'आपला आज्ञाधारक' इथपर्यंत मी व्यवस्थित लिहिलं, तेव्हा कुठे सगळ्यांच्या लक्षात आलं. तो कागद फाडला, आणि मग ठराव लिहायला कागद उरला नाही. बोर्डाकडून दिवाळीपासून कागद आलेला नाही.

शेवटी हात वर करून मतं घ्यायचं ठरलं. आता जे झालं ते लिहायला लाज वाटते. चार तासांत माझे तीन कप चहा झाले होते. 'बंदच्या बाजूने कोण?' असं महिपती गुरुजींनी विचारलं, त्याच वेळी मला राहवेना, आणि बावीस वर्षं मुलांच्या ज्या करंगळ्या पाहतो आहे, तशी माझी करंगळी आपोआप वर गेली. ती धरून बारा मतं झाली. विरुद्ध अकरा. मी परत येईपर्यंत जयजयकार चालू होता आणि ठरावाखाली पहिली सही माझी हवी असं ठरलं होतं. मामा, खरं सांगतो, करंगळी वर गेली नसती तर माझा हात कुठे गेला असता हे मला आजही ठाऊक नाही.

वाडीत येऊन रखमाजी आबांना सांगितलं. आमची शाळा देवळात भरते आणि देवळाचा कारभार आबांकडे, म्हणून सांगावं लागतं. ते म्हणाले, "बोर्ड साळा बंद करनार म्हून तुमी आधीच बंद करनार? मंग बोर्डानं काय करायचं?" मी निषेध म्हणजे काय ते समजावलं. "असं म्हना की, इर्जिक हाय तुमची!" (आमच्याकडे भातकापणीला घरटी एक माणूस एकाच्या शेतात उतरतो आणि शेताचा मालक सगळ्यांना जेवू घालतो, ती इर्जिक.) "पर गुरुजी, जेवान कोन घालनार? बोर्ड?"

इथपर्यंत मी हसत होतो. मग बयाबाई आली. तिचं घर देवळासमोरच आहे. तिची सरू चौथीत आहे. बारा वर्षांची, माझ्या शाळेतली चौथीपर्यंत पोचलेली पहिली मुलगी. तिचे हिशेब माझ्याआधी होतात. सोमवारी चाकणकडचे पाहुणे तिला बघायला येणार आहेत आणि बाप राजी आहे. बयाबाई म्हणाली, "पोर साळंत बसलेली दिसली म्हंजी मी म्हननार, परीक्षा झाल्याबिगर न्हाई. तेवढंच हाय माज्यापाशी. साळाच बंद म्हनल्यावर मी कशाच्या आड हुबी राहू, गुरुजी?"

मामा, हे ऐकल्यापासून माझं डोकं चालत नाही. पुण्याला गेलो नाही तर नव्या सालापासून एकतीस मुलांची शाळा जाईल, शिवाय पहिली सही करणारा फितूर म्हणून तालुकाभर माझं नाव होईल. गेलो तर सरू जाईल. आणि आम्ही जाऊन बोर्ड ऐकेल असंही मला मनातून वाटत नाही. रडू येतं, पण मास्तराने रडायचं कुठे?

असो. मी सोमवारी सकाळच्या गाडीने पुण्याला जाणार. मामींना नमस्कार. गुडघ्याला निर्गुडीचा पाला शेकून बांधावा.

आपला,
गंगाधर

ता. क. निर्गुडी बांधून गुडघ्याला उतार पडला, तर सोमवारी सकाळी मळवलीला उतरता येईल का? स्टेशनावर बैलगाडी ठेवतो. शाळा बंद आहे आणि बंदच राहील. पण तुम्ही पेन्शनीत आहात, तेव्हा तुम्ही देवळात बसून मुलांना चार गोष्टी सांगितल्या तर तिला शाळा म्हणता येत नाही, असं माझं मत आहे. महिपती गुरुजींना विचारलेलं नाही, कारण ते म्हणतील, येते.

आणखी ता. क. पुण्यात तुमचं ते कुलपांचं वाक्य फलकावर लिहून मिरवायचं ठरलं आहे. फलक माझ्याच हातात असेल. तेव्हा हे पत्र वाचून चुलीत घालावं.

शेवटचं. हजेरीपटाला हात लावू नका, त्यात मी 'शाळा बंद' लिहून ठेवलं आहे. पण पाहुणे समोरच्या ओट्यावर टेकले की हातात एखादी पाटी धरून हजेरी घ्या, आणि सरूचं नाव मोठ्यांदा पुकारा. पोर हळू बोलते. तिचं 'हजर' ओट्यापर्यंत पोचेपर्यंत पुन्हा पुन्हा पुकारा.