माझ्या नवऱ्याचे पडणे विकायचे नाही

मी, खाली सही करणारी, दिवंगत दारवानाची पत्नी, पूर्वी मोठ्या दुकानाच्या दर्शनी काचा सजवणारी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत जोडला आहे. मला कोणी धाक घातलेला नाही की लाडीगोडी लावलेली नाही. घाई मात्र आहे. उद्या सुट्ट्यांचा सेल सुरू होतो. सकाळपासून रस्त्यावर कर्णा लावलेली गाडी ओरडत फिरते आहे आणि मला एका जागी बसवत नाही. खिडकी लावली की गुदमरते, उघडली की सेल घरात येतो. अक्षर वाकडे आले तर अर्थ वाकडा लावू नये.

याआधीच्या मृत्युपत्रात सगळे मुलाला दिले होते. ते रद्द.

कलम पहिले, घर. वरचा मजला मुलाला, एका अटीवर. ती पुढे येईल. खालची रस्त्याकडची खोली, दारासकट, शिवणवालीला. मुलगा दुसऱ्या शहरात राहतो आणि तिला आजवर पगारी बाई समजत आला, म्हणून कारण लिहिते.

हे पडले त्या वर्षी बातम्यांच्या वाहिनीने आठवडाभर एकच घोशा लावला होता. नवा टीव्ही निम्म्या किमतीत, मोजकेच नग, पुन्हा मिळणार नाही! पूर येतोय असे वाटावे इतक्या धापा टाकत निवेदिका बोलायची. सेलच्या सकाळी शटर अर्धे वर गेले आणि मागची माणसे पुढच्यांच्या अंगावर आली. मी काचेच्या आत पुतळ्याच्या गळ्यात मफलर बांधत होते. माझ्या डोळ्यांदेखत एक बाई शटरखाली आडवी झाली. तिथेच दारावर नोकरीला असलेल्या ह्यांनी तिला काखेत धरून ओढले, भिंतीशी लोटले, आणि मग स्वतः पडले. लोक त्यांच्या अंगावरून आत गेले. खुबा मोडला तो पुन्हा धड जुळला नाही.

वाहिनीने पडणे तेवढे दाखवले. गणवेशातला माणूस धपकन पडतो, त्याला ओलांडून एक जण खोका घेऊन पळतो, मागे गमतीचे संगीत. बाई कापून टाकली. दर वर्षी सेल जवळ आला की तोच तुकडा. ह्यांचे नाव ‘धपकनकाका’ पडले. एकदा न्हाव्याच्या दुकानात, अर्धी दाढी झालेली असताना, समोरच्या टीव्हीवर तेच लागले. न्हाव्याने पटकन बंद केला, पण बाकावरचे हसून मोकळे झाले होते. पुढे हे घरीच दाढी करू लागले. “हसू दे गं,” म्हणायचे, आणि रस्त्याकडे पाठ करून बसायचे.

मी वाहिनीच्या कचेरीत गेले. संपादकाने चहा दिला.

“बाई, लोकांना आवडतं हो ते.”

“मग आधीचंही दाखवा. ती बाई दाखवा.”

“तेवढं दाखवलं तर लांबण लागते.”

त्या संपादकाला मी काही ठेवत नाही. चहा परत करता आला असता तर तोही केला असता.

ती बाई म्हणजेच शिवणवाली. हॉस्पिटलात शोधत आली, ह्यांना धरून चालवायला येत राहिली आणि शेवटचे आजारपण तिने माझ्या जोडीने काढले. “तिला ओशाळं वाटेल, कुणाला सांगू नकोस,” असे ह्यांनी बजावले होते, म्हणून मी गप्प राहिले.

कलम दुसरे. कापडाची मोठी कात्री आणि मखमलीचे उरलेले तागेही तिलाच. पुतळे भंगारात द्यावेत. त्यांच्याकडे बघून मी कंटाळले आहे.

कलम तिसरे. बँकेतले, माझ्या औषधपाण्याचा खर्च भागून उरेल ते, नातीला. बाळ, काय घ्यायचे ते तू ठरव, सेलमध्ये घेतलेस तरी चालेल. फक्त ढकलाढकलीत शिरू नकोस.

कलम चौथे, आणि खरे तर यासाठीच हा खटाटोप. दुकान आणि वाहिनी मिळून उद्यापासूनच्या हंगामासाठी जाहिरात करत आहेत. तोच तुकडा, आणि वर ‘पडा, पण संधी दवडू नका!’ घरच्यांची संमती हवी आहे. मुलगा आज सकाळी कागद घेऊन आला.

“आई, बाबा गेले. आता कुणाला दुखणार आहे?”

“मला.”

“अगं, गंमत आहे ती. सगळं जग हसतं.”

शिवणवाली दारात उभी होती. मी काही बोलायच्या आत तीच पुढे आली. “दादा, त्या शटरखाली मी होते. मलाही तो टीव्ही हवा होता. मीपण ढकलतच पुढे आले होते. तुमच्या बाबांनी मला बाहेर काढलं, म्हणून ते पडले.”

 मुलगा मोरीत जाऊन बराच वेळ नळ सोडून उभा होता. रडून लाल झालेल्या डोळ्यांनी बाहेर आला.

म्हणून असे ठरवते: ह्यांच्या चित्रीकरणावरचा घरच्यांचा जो काही हक्क असेल तो माझ्यामागे शिवणवालीचा. पूर्ण प्रसंग दाखवणार असतील तर तिने हो म्हणावे, नुसत्या तुकड्याला नाही. मुलाने परस्पर सही केल्यास वरचा मजलाही तिचा.

“मी त्यांना ‘नाही’ म्हणून सांगतो, आई,” माझ्या खांद्यावरून वाचत तो म्हणाला. “तेवढी अट काढ. माझ्यावर विश्वास नाही का तुझा?”

पोटचा पोर. मी ओळ खोडायला पेन टेकवले. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. वाहिनीचा होता. त्याने उचलला नाही. बंदही केला नाही, हातात धरून बघत राहिला.

अट राहते.

आम्हां दोघांसमोर बाईंनी वाचून सही केली:
साक्षीदार: कोपऱ्यावरचा औषधवाला
साक्षीदार: शेजारच्या निवृत्त मास्तरीणबाई

लिहून देणार: दारवानाची बायको
स्थळ: राहते घर, स्वयंपाकघरातले टेबल
दिनांक: सेलच्या आदल्या दिवशी, दुपारी