रोटर माझ्या पर्समध्ये आहे

अहो,

आपल्या फियाटला काही झालेलं नाही. इंजिनातला रोटर मी काढून घेतलाय, म्हणून प्लगना करंट मिळत नाही आणि गाडी सुरू होत नाही. दहा वाजता जयवंत मेस्त्री येऊन डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडतील तेव्हा कळेलच. त्याआधी माझ्याकडून कळावं.

दोन दिवस तुम्ही प्लग घासलेत, नवी कॉईल बसवलीत आणि मी शेजारी उभी राहून पाने देत होते. "सुमेधा, ठिणगी जाते तरी कुठे गं?" असं विचारलंत तेव्हा सांगणारच होते, पण पुढचा पानाच हातात दिला.

रविवारी भाट्याच्या पुलावर तुमची मान एकदम कलंडली. मी स्टिअरिंग ओढलं म्हणून कठडा चुकला. किती ओरडले, तुम्हाला ऐकूच आलं नाही. मग डोळे उघडून म्हणालात, "ऊन आलं डोळ्यांवर." अहो, त्या दिवशी मळभ होतं.

अनिशला सांगू नको, पोरगा काळजी करेल म्हणालात, नाही सांगितलं. पण डॉक्टरांची साडेचारची वेळ घेतली आहे. पावसच्या बागेत आज आंबे उतरवायचे आहेत, ते मी बघते. सातच्या एसटीने जातेय, तीनपर्यंत येते. दवाखान्यात रिक्षाने जाऊ. पेज झाकून ठेवली आहे, गरम करून घ्या.

मेस्त्रींकडे दुसरा रोटर असेलच. बसवायला पाच मिनिटंही लागत नाहीत, तुम्हीच शिकवलंय मला. ते बसवतो म्हणाले तर नको म्हणा. तुम्हाला अडवायला मी तिथे नसेन.

सुमेधा