कव्हरातल्या कॉम्प्युटरची तब्येत

तीर्थरूप आत्या,

भाच्याचा साष्टांग नमस्कार. हे केवळ रीत म्हणून लिहिलेलं नाही. गेला आठवडाभर मी बहुतेक वेळ टेबलाखाली टॉर्च धरून पालथा पडलेला असतो, त्यामुळे माझा नमस्कार आपोआप साष्टांगच होतो. तुझं मनगट कसं आहे? मूठ पूर्ण मिटते का? व्यायाम करून घ्यायला बाई येत होत्या त्या अजून येतात, की काहीतरी बोलून तू त्यांना घालवून दिलंस? (तुझा स्वभाव माहीत आहे म्हणून विचारतो, राग मानू नकोस. राग मानण्यासारखं पुढे आहे.) इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत, एक कॉम्प्युटर सोडून.

तो मी स्वतः जोडला हे तुला ठाऊकच आहे. तयार आणा, तयार आणा म्हणून मेहुणे कानीकपाळी ओरडत होते, पण त्यांचं ऐकलं तर मी मी कसला. सुटे भाग आणले, जेवणाच्या टेबलावर पसरले आणि दोन दिवस घरच्यांना जमिनीवर जेवायला लावून यंत्र उभं केलं. चालू झालं तेव्हा मेहुण्यांना मुद्दाम फोटो पाठवला. (तो पाठवला नसता तर आज निम्मी काळजी कमी असती.) तुझी भाचेसून त्याच्यावर मुलांच्या धड्यांसाठी हलती चित्रं करते. शुक्रवारी तिला धडे काढणाऱ्या एका कंपनीला एक अख्खा धडा द्यायचा आहे. वेळेत गेला तर वर्षभराचं काम तिच्याकडे येईल, नाही गेला तर ते लोक दुसरं कोणी बघणार आहेत. तिला असं काम मिळायला फार वाट बघावी लागली आहे, आत्या, म्हणून माझा जीव टांगणीला लागलाय.

होतं असं, की चित्रं जोडून धडा पक्का करायला घेतला की यंत्र तापत जातं आणि निम्म्यावर आल्यावर गप बंद पडतं. प्रोसेसर म्हणजे त्याचा मेंदू. तो किती तापलाय ते पडद्याच्या कोपऱ्यात दिसतं. आकडा नव्वदच्या पुढे जातो, आणि हे आपल्या तापाचे अंश नव्हेत, पाणी उकळायचे आहेत. मी जेवताना खुर्ची अशी लावतो की आकडा दिसावा. ऑफिसातून फोन करून आधी तोच विचारतो. बायको म्हणते, माझ्या बाळंतपणात तुम्ही एवढी चौकशी केली नव्हती.

उपाय सगळे करून झाले. मागचा पंखा उलटा बसला होता, तो सुलटा केला. (मेहुण्यांना सांगू नकोस.) आतली धूळ रंगाच्या ब्रशने झाडली, ती सगळी माझ्या नाकात गेली. मेंदूच्या डोक्यावर धातूचा जड ठोकळा आणि त्यावर पंखा असतो, त्याला कूलर म्हणतात. मेंदू आणि ठोकळ्याच्या मध्ये उष्णता वर पोचवायला एक पांढरी पेस्ट लावतात. ती आधी कमी वाटली म्हणून जास्त लावली, मग जास्त वाटली म्हणून पुसून कमी लावली. आकडा ढिम्म. मग दुकानदाराला फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "साहेब, पेटीवर काही झाकलेलं वगैरे नाही ना?" मी नाही म्हणालो. चक्क नाही म्हणालो, आत्या.

आता कसं लिहू. तू शिवलेलं कव्हर फार सुरेख आहे. आत अस्तर, मध्ये कापूस, खाली झालर, मागे पाच बटणं. आपल्या घरात नवी वस्तू आली की तिला तुझं कव्हर चढतं. फ्रीजच्या मुठीपासून रिमोटपर्यंत कोणी उघडं फिरत नाही. शिवाय प्लॅस्टर निघाल्यावर तू हातात घेतलेलं हे पहिलं शिवण. आता माझ्याच्याने शिवणं होणार नाही असं म्हणून बसली होतीस, आणि मग हे पार्सल आलं. बायको म्हणते, काढा ते. मी म्हणतो, आत्याने शिवलंय. ती म्हणते, मग आत्यांना विचारा. रोज व्हिडिओ कॉलवर तू आधी कव्हर दाखव म्हणतेस आणि मग माझं तोंड, अशा वेळी विचारायला जीभ रेटत नाही. म्हणून हे पत्र. फक्त शुक्रवारपर्यंत काढून ठेवू का? घडी करून कपाटात ठेवीन, अंगावर घेऊन बसून राहीन, म्हणशील तसं. तुझं मन दुखवून मला हे यंत्र थंड करायचं नाही, पण तिचं कामही बुडवायचं नाही.

काकांना नमस्कार.

तुझा,
घाबरलेला भाचा

ता. क. पाकीट चिकटवायच्या आत बायकोने तुझ्या उत्तराची वाट न बघता कव्हर काढलं. आकडा जेमतेम दोन अंशांनी उतरला. मग तिने कूलरच उचकटला. त्याच्या बुडाला पारदर्शक प्लॅस्टिक होतं आणि त्यावर लाल अक्षरांत "बसवण्यापूर्वी काढा" असा मजकूर. ते मला दिसलं नव्हतं असं नाही. पण नव्या वस्तूचं प्लॅस्टिक आपण कधी काढलंय? खराब होऊ नये म्हणून मी पेस्ट त्याच्यावरूनच व्यवस्थित लावली होती, प्रत्येक वेळी. प्लॅस्टिक काढल्यावर आकडा साठावर बसला, धडा पुरा झाला आणि गेलाही. त्या लोकांचा होकार आला. बायको हसतेय, मग रडतेय, मग माझ्याकडे बघून पुन्हा हसतेय. तुझं कव्हर निर्दोष आहे. वर लिहिलेलं सगळं मागे घेतो.

ता. क. दुसरा. मात्र पत्र लिहायला बसण्याआधी, थोडी हवा लागेल म्हणून, मी कव्हराला मागून कात्रीने बशीएवढं भोक पाडलं. म्हणूनच काल फोन एकदाही मागे नेला नाही. कापूस अजून घरभर उडतोय. काढण्याच्या घाईत बायकोला भोक दिसलं नव्हतं, आज सकाळी दिसलं, तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही, काम मिळूनसुद्धा. नवं शिवून पाठवू नकोस, आत्या. तूच ये. कापलंय मी, तेव्हा शिवणारही मीच. तू शेजारी खुर्ची टाकून बस आणि टाका चुकला की ओरड.