लुबोवांना लॉगिनबाहेर ठेवण्याची तयारी

मंगळवार, ५ मार्च
दुरुस्ती. काल लिहिलं की चहाच्या वेळी आमच्या संगणक विभागातले लुबोवा मला सगळ्यांसमोर हसले. हे खरं नाही. त्यांच्या तोंडात तळलेली गोड मंदाझी होती. हसले बाकीचे. लुबोवा एवढंच म्हणाले की नामुलीकडे, म्हणजे माझ्याकडे, सर्व्हर दिला तर ती रोज सकाळी त्याची माफी मागेल. कोणावर खोटा आळ नको. सूड मात्र लुबोवांवरच घ्यायचा.

बुधवार, ६ मार्च
आमच्या विभागप्रमुख नब्बोसा मॅडम मसाकाचं हे कॉलेज सोडून कंपालाला चालल्या. सर्व्हर कोणाच्या ताब्यात द्यायचा, लुबोवांच्या की माझ्या, ते पुढच्या आठवड्यात ठरवणार. तोवर पासवर्डचे नियम कडक करायला मला सांगितलंय. लॉगिन करताना कोणाला आत घ्यायचं हे सर्व्हरमधल्या पॅम नावाच्या प्रणालीची मॉड्यूल्स ठरवतात, आणि त्यांच्या फायली आता माझ्या हातात! लांबलचक पासवर्ड सक्तीचा. तीनदा चुकला की खातं बंद. लुबोवा दोन बोटांनी टाइप करतात. येतील माझ्या टेबलापाशी, उघड गं बाई म्हणत. मी आधी चहा संपवीन.

शुक्रवार, ८ मार्च
महिला दिनाची सुट्टी. मटोकेसाठी हिरवी केळी सोलता सोलता बाबांना विचारलं, एकाच माणसासाठी नियम केला तर ते पाप का? (लिहायला-वाचायला मला घरी त्यांनीच शिकवलं. अजून सगळं त्यांनाच विचारते.) म्हणाले, मग स्वतःलाही लाव. ठीक. सूट कोणालाच नाही, रूटला म्हणजे सर्व्हरच्या मुख्य खात्यालाही नाही. आता हा सूड नव्हे, न्याय. गोडी तेवढीच.

सोमवार, ११ मार्च, सकाळ
नियम लावले. स्वतःसाठी स्तोत्राएवढा लांब पासवर्ड घेतला. अर्धवट काम मला आवडत नाही, म्हणून सगळ्या खिडक्या बंद करून रीतसर लॉगआउट केलं. आता फक्त एकदा लॉगिन करून बघायचं.

त्याच दिवशी, दुपार
तो लांबलचक पासवर्ड तीनदा चुकला. माझं खातं बंद. मग रूट. तेही बंद.
लुबोवा मजेत कामात. मागे वीज गेली होती, तेव्हापासून त्यांनी लॉगआउटच केलेलं नाही, आणि आत आहेत ते रूट म्हणून! आत बसलेल्याला पॅम काही विचारत नाही. किती बेजबाबदार माणूस. त्यांच्याच टेबलापाशी जावं लागलं.
"काय गं पोरी," ते म्हणाले, "घराला कुलूप लावून किल्ली आतच ठेवलीस?"
दोन बोटांनी एक ओळ टाइप केली. दोन्ही खाती उघडली. मी माफी मागितली. का, ते कळलं नाही.

शुक्रवार, १५ मार्च
मॅडमनी निकाल दिला. "नामुली, तुझे नियम उत्तम आहेत. पण त्या दिवशी आत फक्त लुबोवाच होते."
सर्व्हर लुबोवांकडे.
हरकत नाही. आता नवा नियम: काम न करता उघडं ठेवलेलं सेशन आपोआप बंद. मग बघते कसे आत बसून राहतात. मंगळवार, १९ मार्च, चहा झाल्यावर. रूटचा पासवर्ड त्यांनी आजच बदलला, तेवढा सोमवारी त्यांच्याकडून मागून घेईन.